माझ्या तक्त्यातली त्यांची चौकट

“तू फक्त धर.”

आमच्या मिलचे छोटे शेठ मला हे म्हणाले तेव्हा खोलीत अकरा माणसं होती. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाच लोखंडाच्या मिल, त्यांचे मालक, त्यांचे मॅनेजर. मी खुर्चीवर उभी होते. खुर्ची नवी होती म्हणून चपला काढायला लावल्या होत्या. दोन्ही हात वर. हातात चार फुटांचा कागदी तक्ता. भिंतीला गुळगुळीत फरश्या, चिकटपट्टी धरेना. तक्ता दोनदा पडला. तिसऱ्यांदा शेठ म्हणाले, “हिलाच उभं करा.”

चाळीस मिनिटं.

तक्ता माझा होता. त्यातली प्रत्येक चौकट, प्रत्येक बाण मी काढला होता. छोटे शेठ पोलादी पट्टीनं एकेक चौकट ठोकून सांगत होते, “हे आम्ही डेव्हलप केलं. हे आमच्या मिलचं काम.” कागदामागं मी होते. पट्टीचं टोक कागदातून माझ्या अंगाला लागत होतं. पहिली चौकट बरगडीला. तिसरी पोटाला. माझं काम माझ्याच अंगावर ठोकून दुसऱ्याच्या नावानं सांगितलं जात होतं, आणि मी हलू शकत नव्हते. हलले की तक्ता हलायचा.

एका म्हाताऱ्या मालकानं विचारलं, “हा ‘कसं ओळखलं’चा रकाना कशासाठी?”

छोटे शेठ थांबले. त्यांना माहीत नव्हतं. तक्ता त्यांनी आदल्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. मी वरून तोंड उघडलं. “सर, ते असं आहे की—”

“तू फक्त धर.”

“अरे वा,” कुणीतरी म्हणालं, “शेठ, तुमचा खिळा बोलतो की!”

अकराच्या अकरा हसले. हसता हसता एकाच्या तोंडातला बिस्किटाचा चुरा टेबलावर उडाला. मीटिंग संपल्यावर तो चुरा मलाच पुसायला लावला.

मी पुसला. हेही लिहून ठेवते. पुढं जे केलं ते सांगायचं असेल तर हे लपवून चालणार नाही.

धर हा शब्द मला नवा नव्हता. मंठ्याजवळच्या आमच्या गावात मी सातवीत असताना शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. पाणी गाळायचं यंत्र मी केलं होतं. दोन मडकी, वाळू, कोळसा, चिंधी. तपासणीचे साहेब आले तेव्हा गुरुजींनी बोलायला पाटलाची पोरगी उभी केली. मला म्हणाले, “तू मडकं धर. पण ओतायचं न्हाई. ती ओतंल. साहेबांना प्यायचंय.” मला तेव्हा कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. आमच्या आजानं छप्पन सालीच देव सोडले होते, गावानं मात्र आमची पायरी सोडली नव्हती. मी मडकं धरून उभी राहिले. साहेबांनी पाणी पिऊन पाटलाच्या पोरीच्या पाठीवर थाप मारली.

नंतर मी शिकले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. जालन्याच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि त्याच मिलमध्ये ऑफिसात लागले, जिच्या भंगारात माझी माय दहा वर्षांपासून काम करायची. ती मागच्या फाटकातून आत यायची, मी पुढच्या. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं सांगितलं, “इथं तिला माय म्हणायचं न्हाई. स्टाफला बरं दिसत न्हाई ते.” मी दोन वर्षं माझ्या मायला आवारात ‘ओ बाई’ म्हणून हाक मारली. ती ‘जी मॅडम’ म्हणायची. घरी गेल्यावर दोघीही त्यावर बोलायचो नाही.

आता भंगाराचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

मिलमध्ये जुनं लोखंड येतं. मोडक्या ट्रॉल्या, पत्रे, पाइप, गाड्यांचे सांगाडे. ते भट्टीत वितळवतात. भट्टीत आधीच लोखंडाचं पाणी उकळत असतं. त्यात बंद तोंडाची वस्तू पडली, आत ओल असली, तेल असलं, तर ती बॉम्बसारखी फुटते. उकळतं लोखंड वर उडतं आणि माणसांवर पडतं. म्हणून भट्टीत जाण्याआधी भंगार निवडावं लागतं. हे काम बायांचं. हातात हातोडी. प्रत्येक पाइपवर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं. उघडा पाइप वाजतो. भरलेला वाजत नाही. माय पहिल्याला बोलका म्हणते, दुसऱ्याला मुका. “मुकं भट्टीत टाकायचं न्हाई,” एवढंच तिचं शास्त्र. पण ते येतं कुणाला? ट्रकच्या गोंगाटात, डोक्यावर लोहचुंबकाची क्रेन फिरत असताना, एका ठोक्यात मुका पाइप ओळखणं हे वर्षांचं शिकणं आहे. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. ते मायच्या मनगटात होतं.

तरी ती भाजली. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. डावा कान, मान, खांदा. भट्टीजवळून टोपलं घेऊन चालली होती, उडालेलं लोखंड अंगावर आलं. दवाखान्यात तिच्या मानेतून पदराचे तुकडे चिमट्यानं काढले. ती ओरडली नाही. माझ्या हाताला चावली. तो वण माझ्या मनगटावर अजून आहे.

पुढं एक गोष्ट कळली. ज्या ट्रकच्या मालानं माय भाजली, त्याच ट्रकचा अर्धा माल दोन दिवस आधी भिंतीपलीकडच्या मिलमध्ये उतरला होता. तिथल्या बायांनी त्यात तेलानं भरलेले बंद जॅक ओळखले होते, बाजूला काढले होते. त्यांना कळलं होतं. आम्हाला नाही. मधे फक्त एक भिंत. पोरगंही पलीकडं खडा टाकू शकेल एवढी भिंत. ती ओलांडून दोन शब्द इकडं आले नाहीत, कारण एका मिलनं दुसऱ्या मिलला काही सांगायची पद्धतच नव्हती. घरातली घाण बाहेर दाखवायची नाही, अशी मालकांची इज्जत. आणि आमची कातडी.

म्हणून तो तक्ता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतःहून हे काम अंगावर घेतलं. तीन महिने जेवणाच्या सुट्टीत पाचही मिलच्या फाटकांवर फिरले. कोण काय ओळखतं, कसं ओळखतं, ओळखल्यावर कुणाला सांगतं, ते पुढं कुठं जाऊन थांबतं, सगळं लिहून काढलं. पलीकडच्या मिलमध्ये गफूरभाई होते. भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस, टेंभुर्णीचे. भुवया कधीच्याच जळून गेलेल्या. ते पहिल्यांदा कागद बघून हसले.

“ताई, तुमचं कागद बराबर हाय. पर कागद आला की पडून ऱ्हातो. वाचला का न्हाई कसं कळंल?”

“मंग काय करू?”

“जबाब मागा. ज्याला भेटला त्यानं नाव लिवून वापस टाकायचं. अर्ध्या घंट्यात जबाब न्हाई आला, तर माणूस पळवायचा. पायानं. फोनवर भरोसा न्हाई ठेवायचा.”

ती चौकट त्यांची. मी तक्त्यात तशीच घातली.

तक्ता साधा होता. बाईला मुकी वस्तू सापडली की ढिगावर लाल फडकं. मग चिठ्ठी. काय सापडलं, कोणत्या ट्रकचं, किती वाजता, कुणी ओळखलं, कसं ओळखलं. ती चिठ्ठी पंधरा मिनिटांत पाचही मिलच्या फाटकावर आणि भट्टीवर. नाव लिहून जबाब. जबाब नाही आला तर माणूस पायी. आणि शनिवारी पाचही मिलच्या बाया एका जागी बसणार, त्या आठवड्यात जे सापडलं ते हातात घेऊन, ठोकून, एकमेकींना ऐकवणार. एकीच्या मनगटातलं पाच जणींच्या मनगटात जावं म्हणून.

मीटिंगमध्ये त्या म्हाताऱ्याला ‘कसं ओळखलं’चा अर्थ सांगायचा होता तो हा. पण मी खिळा होते.

मीटिंगनंतर छोटे शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. लाल पेन घेऊन दोन गोष्टी केल्या. पहिली, ‘कुणी ओळखलं’वर काट. “भंगारवाल्या बायांची नावं पाच मिलमध्ये फिरवायची? उद्या पगार वाढवून मागतील.” दुसरी, चिठ्ठी आणि पाच फाटकं यांच्या मधे एक नवी चौकट. आत लिहिलं, ‘व्यवस्थापनाची मंजुरी.’

मी म्हणाले, “सर, इथं वेळ जाईल. हे मधे आलं तर बाकी सगळं फुकट आहे.”

“तुम्हा लोकांना खुर्चीवर उभं केलं की उंची वाढली असं वाटतं,” शेठ म्हणाले. “सही कर. मंजुरीशिवाय एक शब्द बाहेर गेला तर तू बाहेर. आणि मागच्या फाटकातून ती पण.”

ती म्हणजे माय.

मी सही केली. तक्ता नव्यानं छापला गेला, वर शेठचं नाव. काचेच्या फ्रेममध्ये बसवून त्यांच्या खुर्चीमागं लावला. त्या भिंतीत खिळा बरोबर बसला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस आला.

सकाळी एक ट्रक आधी पलीकडच्या मिलमध्ये अर्धा रिकामा होऊन आमच्याकडं आला. अकरा वाजून वीस मिनिटांनी मायनं लाल फडकं लावलं. मी धावत गेले. पाइपाचे हातभर लांबीचे तुकडे, दोन्ही तोंडं ठोकून चपटी केलेली. मायनं एक तुकडा पहारीनं उघडला. आत ओली माती. ठासून भरलेली. वजन वाढावं म्हणून कुणीतरी मुद्दाम भरून तोंडं बंद केली होती. वरून गंज, वरून तेल, डोळ्याला काही कळायचं नाही.

“वीस-बावीस हायेत,” माय म्हणाली. मग हळूच, “पलीकडं पण हाच माल उतरलाय ना गं?”

त्या घाईत ती मला मॅडम म्हणायचं विसरली होती.

मी चिठ्ठी लिहिली. वेळ अकरा वीस. ट्रकचा नंबर. ‘कुणी’च्या रकान्यावर काट होती, तरी मी त्या रेघेवर मायचं नाव लिहिलं. केबिनकडं पळाले. आत छोटे शेठ आणि त्यांचे मेहुणे चहा घेत बसले होते. भंगाराचा व्यापार मेहुण्यांचा. तो ट्रक त्यांचाच.

शेठनं चिठ्ठी वाचली. पूर्ण वाचली. मी त्यांचे डोळे शेवटच्या ओळीपर्यंत जाताना पाहिले. मेहुण्यांकडं एकदा बघितलं. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

“दुपारी बघू. बाहेर थांब.”

“सर, पलीकडं भट्टी चालू आहे.”

“थांब म्हणालो ना.”

मी थांबले.

हे वाक्य मला लिहायचं नव्हतं. पण तेच खरं आहे. मी थांबले. फोन माझ्या हातात होता. पलीकडच्या फाटकाचा नंबर त्यात होता. मी काचेबाहेर उभी राहून आत बघत होते. शेठ हसत होते. कप उचलत होते, परत चिठ्ठीवर ठेवत होते. मला माझी सही आठवत होती. मायची नोकरी आठवत होती. आणि सगळ्यात घाण गोष्ट सांगते, मला तक्ता आठवत होता. तक्त्यात मंजुरी होती. मी शिकलेली होते ना. तक्त्याप्रमाणं वागत होते. गुरुजींनी धर म्हटल्यावर मडकं धरणारी पोरगी तिथं काचेबाहेर उभी होती, अंगावर मिलचं ओळखपत्र घालून.

चाळीस मिनिटं.

मग मागून मायचा आवाज आला. ती आवारातून ऑफिसच्या दारापर्यंत आली होती, जिथं यायची तिला बंदी होती.

“गेली का चिठ्ठी?”

“नाही.”

माय माझ्याकडं बघत राहिली. मग भाजलेल्या बाजूनं तोंड माझ्याकडं वळवून म्हणाली, “मंग तू शिकून काय करून राह्यलीस इथं?”

मी पळाले. फाटकातून बाहेर, रस्त्यावरून, पलीकडच्या फाटकाकडं. पळता पळता फोन लावला. घंटी वाजत होती. फाटकाच्या अलीकडं पन्नास पावलांवर होते तेव्हा ते झालं.

आवाज कानाला नाही आला, छातीला आला. छपराचा पत्रा कागदासारखा वर गेला. लाल ठिणग्या नाही, लाल पाणी उडालं. मग एकदम शांत. त्या शांततेत एक माणूस ओरडायला लागला आणि तो थांबेचना. आत गेले. जमिनीवर लोखंडाच्या गुठळ्या धगधगत पडल्या होत्या. एकाचा बूट पायात वितळून चिकटला होता, दोघं तो ओढत होते आणि बुटाबरोबर कातडी येत होती. गफूरभाई भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. हातांच्या मधून वाफ येत होती.

मी त्यांच्याजवळ बसले. काय बोलू? “गफूरभाई, मी चिठ्ठी...”

त्यांनी तोंडावरचे हात काढले नाहीत.

चार दिवसांनी ते दवाखान्यात बोलले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उजवा डोळा गेला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्याचं नक्की नव्हतं. मी कॉटशेजारी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कप, काच, चाळीस मिनिटं, माझी सही. काहीही वगळलं नाही. त्यांची बायको पायाशी बसून ऐकत होती. मला वाटलं ती मला मारेल. मारायला पाहिजे होतं.

गफूरभाईंनी पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, “कागद हाय का जवळ?”

“केबिनमध्ये आहे. शेठच्या टेबलावर.”

“आणा. अन् वाचून दाखवा मला. मला आता दिसणार न्हाई.” मग माझा आवाज ऐकून, “रडू नका, ताई. रडून माझा डोळा न्हाई येणार. कागद आणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटे शेठनं मला आणि मायला केबिनमध्ये बोलावलं. मायला चपला बाहेर काढायला लावल्या. ती कामावरून तशीच आलेली, हातोडी हातात. टेबलावर ती चिठ्ठी होती. चहाच्या कपाची गोल खूण तिच्यावर सुकलेली, गोलाच्या आत माझ्या अक्षरातले अकरा वीस. शेजारी एक कोरी चिठ्ठी.

“चौकशी येणार आहे,” शेठ म्हणाले. आवाज मऊ होता. “ही नवी लिही. वेळ साडेबारा. आणि तो ‘कुणी ओळखलं’चा रकाना परत घाल. हिचं नाव लिही. खाली लिही, सापडलं पण कळवायला उशीर केला. हिची सही घे. मी दोघींना सांभाळून घेईन. भंगारवाली बाई, तिला काय होणार आहे?”

मी मायकडं बघितलं. तीन महिने मी त्या एका रकान्यासाठी फिरले होते. पाच मिलला कळावं की हे ज्ञान हिचं आहे, हिच्या मनगटाचं आहे, म्हणून. तेव्हा त्या नावाला कागदावर जागा नव्हती. आता जागा होती. गुन्हेगाराची.

“न्हाई,” मी म्हणाले.

“काय?”

“न्हाई लिहिणार. वेळ अकरा वीस आहे. चिठ्ठी माझ्याकडं द्या.”

शेठ उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या तोंडात मारली. उलट्या हातानं. अंगठी ओठाला लागली, ओठ फाटला. वर आमची जात काढली, मायवरून काढली. ते शब्द मी पोलिसांना जसेच्या तसे सांगितलेत, इथं त्यांना कागद द्यायचा नाही.

माझ्या मागं हालचाल झाली. मायचा हात वर गेला होता. हातोडीसकट. मी तो वरच्या वर धरला. आयुष्यभर धर म्हणून ऐकलं, त्या दिवशी स्वतःहून धरलं. तिच्या मुठीतून हातोडी काढून घेतली, कारण तिनं मारली असती तर ती जन्मभर आत गेली असती आणि शेठ मरून, फोटोला हार घालून घेऊन, मोठा झाला असता.

हातोडी माझ्या हातात आली. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात फ्रेम नव्हती. त्याचं डोकं होतं. केसांचा भांग मला स्पष्ट दिसत होता. किती जोरात मारावी लागेल तेही मला माहीत होतं. मायची लेक आहे मी. एका ठोक्यात कळतं.

मी त्याच्या शेजारून गेले आणि भिंतीवरची फ्रेम फोडली. पहिल्या ठोक्यात काच. दुसऱ्यात चौकट. तिसरा नुसता भिंतीवर मारला, फरशी तडकली. काचा खुर्चीवर, कॉम्प्युटरवर, त्याच्या मोबाईलवर. तो टेबलाखाली वाकला होता. कधी नव्हे तो मला वरून त्याची पाठ दिसली. मी काचांतून तक्ता ओढून काढला, हाताला काचा लागल्या. टेबलावरची कपाच्या खुणेची चिठ्ठी उचलली.

“चल, माय,” मी म्हणाले. केबिनमध्ये, शेठसमोर, मोठ्यानं. माय.

ती आधी चपला घालायला थांबली. मग कोऱ्या चिठ्ठीवर थुंकली. आम्ही पुढच्या फाटकातून बाहेर पडलो. दोघी.

त्यांनी आमच्यावर तोडफोडीची तक्रार दिली. मीही दिली, फाटक्या ओठासकट. दोघींची नोकरी गेली. गावाकडून निरोप आला, मोठ्या माणसांशी कशाला भांडताय. मी त्या निरोपाला उत्तर दिलं नाही. दवाखान्यात गेले आणि गफूरभाईंना चिठ्ठी वाचून दाखवली, वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत. त्यांनी बोटानं कागद चाचपला आणि विचारलं, “कपाचा डाग कुठं हाय?” मी त्यांचं बोट तिथं नेऊन ठेवलं. त्यांनी ते गोल गोल फिरवलं. बराच वेळ.

तक्त्यातली मंजुरीची चौकट मी ब्लेडनं कापून काढली. भोक पडलं, पडू दे. पाच मिलच्या बायांनी मोबाईलवर आपसात ग्रुप केलाय. मुकं सापडलं की फोटो, ट्रकचा नंबर, ओळखणारीचं नाव, ठोक्याचा आवाजसुद्धा टाकतात. कुणाची मंजुरी नाही. जबाब आला नाही तर जिला जमेल ती पळते. शनिवारी माय आमच्या घरासमोर बसते, हातोडी घेऊन. बाया येतात. ती ठोकते, त्या डोळे मिटून ऐकतात. दोन मिलनी आपल्या बायांना तिथं जायला बंदी केली. त्या येतातच.

चौकशीचा दिवस गेल्या महिन्यात होता. मी तक्ता घेऊन गेले, चिठ्ठी घेऊन गेले. सोबत माय, पिशवीत हातोडी आणि पाइपाचे दोन तुकडे, एक बोलका एक मुका, चौकशीच्या साहेबांना ऐकवायला. गफूरभाई बायकोचा खांदा धरून आले. समोर छोटे शेठ, दोन वकील.

साहेबांनी तक्ता बघायला मागितला. भिंत कोरी होती. शिपाई इकडं तिकडं बघून मला म्हणाला, “मॅडम, जरा धरून उभ्या राहता का? तोवर वकीलसाहेब समजावून सांगतील.”

समोरच्या बाकावर छोटे शेठ हसले. मी पाहिलं.

“न्हाई,” मी म्हणाले. “खिळा आणा.”

शिपायानं कॅलेंडरचा खिळा उपटून दिला. मायनं पिशवीतून हातोडी काढली. मी तक्ता भिंतीला लावला, मधलं भोक सगळ्यांना दिसेल असा, आणि खिळा ठोकला. चार ठोके. चौथ्या ठोक्याला गफूरभाईंनी मान वळवून आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

तक्ता भिंतीला राहिला. माझे हात मोकळे होते.

“माझं नाव लिहून घ्या,” मी साहेबांना म्हणाले, “त्याच्या वर माझ्या मायचं नाव लिहा. आता सांगते. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.”

छोटे शेठचे वकील उठले. “साहेब, या बाईंना मधे—”

“तुम्ही बसा,” मी म्हणाले. “माझं झालेलं नाही.”

अजूनही झालेलं नाही. पुढची तारीख आहे, तिच्या पुढची असेल. प्रत्येक तारखेला मी जाणार, उभी राहणार आणि बोलणार. यापुढं माझ्या हातात हातोडी असेल, नाहीतर पेन. दुसऱ्याच्या नावाचा कागद धरायला हे हात रिकामे मिळणार नाहीत.